साचेवाल्याची अकरा पावलं

१

"नुसतं चालायचं?" अप्पांनी विचारलं. "आणि ह्येचो खेळ होतलो?"

"होतो, अप्पा. तुम्ही चाला फक्त. खिडकीपासून दारापर्यंत. गिरणीच्या साच्याखात्यात, मागांमधून फिरायचात तसे."

घोडपदेवच्या त्या चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली अप्पांच्या अकरा पावलांत संपते. पुष्करनं स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवून त्याला फोन टेकवला होता. पलंगावर मांडी घालून बसलेली, गेमची चित्रं काढणारी आकांक्षा स्क्रीनमध्ये डोकावत होती. अप्पा त्याचे आजोबा, वय ब्याऐंशी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली होती, पण या खोलीत त्यांना कुणाच्या हाताची गरज लागत नसे.

ते चालले. प्रत्येक पाऊल जरा फाकवून, जणू दोन्ही बाजूंना अजून गिरणीतले माग चालू आहेत आणि धोतर पट्ट्यात अडकेल. दाराशी पोचल्यावर मान उजवीकडे वळवली, कारण उजवा कान गिरणीनं खाल्ला होता आणि कुठंही थांबलं की आधी डावा कान पुढे करायचा ही त्यांची जुनी सवय. मग चौकटीवर तीन टकटक. तीसुद्धा सवयच. सून घरात असली तर तिला कळावं म्हणून.

"कमाल आहे," आकांक्षा हळूच म्हणाली. "एवढं सगळं मला सुचलंच नसतं."

पुष्कर खूश होता. इंजिनियरिंग झाल्यावर धरलेली पहिली नोकरी त्यानं आठ महिन्यांत सोडली होती, कारण तिथं लोकांना फोनला चिकटवून ठेवण्याची यंत्रं बनवायची होती आणि त्याला ते पाप वाटत होतं. आता सकाळी माटुंग्याला एका क्लासमध्ये शिकवायचं आणि उरलेला दिवस गेमला द्यायचा. गेम मुळात त्यांचा नव्हता. खूप वर्षांपूर्वी कार्ट्रिजवर आलेला, कंदील घेतलेल्या एका मुलीचा जुना जपानी गेम. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून इथली पोरं त्याला 'कंदीलवाली' म्हणत. कंपनी बुडाली, पुढचा भाग आलाच नाही, आणि जगभरचे वेडे चाहते आपापले भाग बनवत राहिले. कुणी बर्फाचा, कुणी समुद्राचा. पुष्करनं ठरवलं होतं, आपला भाग बंद गिरणीचा. दुसऱ्यांचे राक्षस किती दिवस मारायचे?

वस्तू त्यानंच आखल्या होत्या. फाटकातून आत सोडणारा पितळी बिल्ला. उघडला की जीव भरून देणारा जेवणाचा डबा. शत्रूवर फेकायचा, मागावर आडवं सूत नेणारा धोटा. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळींचं वर्णन, त्यातला शब्द न् शब्द अप्पांना विचारून लिहिलेला.

आणि शेवटी ज्याला हरवायचं तो बॉस, साचेवाला, म्हणजे माग चालवणारा कामगार. बॉसबद्दल पुष्करचा एक सिद्धांत होता आणि तो ऐकणाऱ्याला सोडत नसे. बॉस ताकदीचा बनत नाही, सवयींचा बनतो. त्याच्या सवयी खेळणाऱ्याला पाठ झाल्या की तो हरला.

२

अप्पांच्या व्हिडिओवरून आकांक्षानं एकेक चित्र गिरवून काढलं. अकरा पावलांची अकरा हवी होती. फक्त सातवं पाऊल मिळालं नाही. नेमकी त्याच क्षणी शेजारची कमलाबाई वाटीभर साखर मागायला दारातून आत आली होती आणि तिच्या लुगड्यानं अप्पांचे पाय झाकले गेले होते.

"पुन्हा चालवू या?"

"नको, ते दमले," पुष्कर म्हणाला. "सहावंच दोनदा लाव. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय. डाव्यानंतर परत डावा. लचकल्यासारखं दिसतं."

"लचकू दे. बॉस आहे तो."

हरल्यावर साचेवाला कोसळायला हवा होता. पण जमिनीवर आडवं व्हायला अप्पांनी साफ नकार दिला. "जित्या माणसाक जमनीर निजवत नाय," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसले. मग साचेवालाही हरल्यावर तसाच बसायचा आणि पडदा काळा व्हायचा. पुष्करला ते जास्तच आवडलं. आपल्या माणसाला मारायचं कशाला?

भांडण झालं ते राजरत्नशी. राजरत्न लालबागला राहायचा, कॉलेजपासूनचा मित्र, सगळा कोड त्याचा.

"गेम सुरू होताना एकदा आपल्याला विचारेल, एवढीच सोय ठेवतो," तो म्हणाला. "उद्या काही घोळ झाला तर जुनी कॉपी बंद पाडता येईल."

"म्हणजे चावी आपल्या हातात."

"हो. कारण गेम आपला आहे."

"गेम आपला नाही, राज. तोच तर मुद्दा आहे. ज्यांच्याकडे हक्क आहेत ते नोटिसा पाठवून चाहत्यांचे गेम पुसून टाकतात. आपला कुणालाही पुसता येता कामा नये. आपल्यालासुद्धा. एकदा सोडला की सोडला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, फोडावा, वाटावा."

"भाषण झालं?"

"झालं."

"मग ऐक. तुझ्या तत्त्वांचा एक दिवस मला ताप होणार आहे." असं म्हणून राजरत्ननं ती सोय काढून टाकली.

नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी त्यांनी गेम सोडला. संध्याकाळपर्यंत तो सात देशांत पोचला होता.

३

सोमवारी अकराच्या सुमारास अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होते. पुष्करची आई सुनेत्रा शाळेच्या ऑफिसात गेली होती, वडील जहाजावर. पुष्कर लॅपटॉपवर लोकांच्या प्रतिक्रिया वाचत बसला होता.

अप्पांनी एकदम हात वर करून डोळ्यांपुढे धरला.

"काय झालं, अप्पा?"

"कंदील खाली धर गो," अप्पा म्हणाले. "डोळ्यार उजेड येता."

ते पुष्करशी बोलत नव्हते. त्यांचं तोंड दाराकडे होतं आणि दारात कुणी नव्हतं. बाहेरच्या गॅलरीत कुणाची तरी साडी वाळत होती, एवढंच. खिडकी तर त्यांच्या पाठीशी. आणि उजेड काय न् अंधार काय, सहा वर्षांत त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नव्हती.

मांडीवरची लसणाची ताटली खाली पडली. अप्पा उठून चालू लागले.

पुष्कर हसतच उठला, म्हाताऱ्याला काहीतरी भास झाला असेल म्हणून. पाचवं पाऊल पडलं. सहावं, डावं. आणि मग अप्पांचा उजवा पाय जागचा हललाच नाही. डावाच पाय, जिथं होता तिथून मागे न येता, पुन्हा पुढे पडला. अंगाला एक छोटासा हिसका बसला. मग आठवं.

पुष्कर जागीच थांबला.

दाराशी मान उजवीकडे वळली. चौकटीवर तीन टकटक झाली. अप्पा काही वेळ तसेच उभे राहिले, खांदे दोनदा दचकल्यासारखे हलले, काहीतरी येऊन लागावं तसे. मग गुडघ्यावर हात टेकून ते उंबऱ्याशी बसले.

"अप्पा."

"बसलंय रे," ते धापा टाकत म्हणाले. "कोण ती पोर? ओळख ना पाळख, धोटो मारता."

त्यांना गेम कधी दाखवलेला नव्हता. दाखवून उपयोगही नव्हता. पण धोटा फेकायचा, हे पुष्करनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं त्यांना खुर्चीत आणून बसवलं, पाणी दिलं. भांडं रिकामं होण्याआधी अप्पांचा हात पुन्हा डोळ्यांपुढे गेला.

४

परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मेंदूचा फोटो काढायला लावला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं एकच काम केलेलं असतं. मन थकलं तरी शरीर ते करत राहतं. असं होतं कधीकधी." सुनेत्रानं मान डोलावली. पुष्करलाही ते पटवून घ्यायचं होतं. टॅक्सीत त्यानं स्वतःशी दहा वेळा म्हटलं, असं होतं कधीकधी. पण शरीराला सवय असेल तर ती अकरा पावलांची असेल. सातवं पाऊल नसण्याची सवय शरीराला कुठून लागणार?

बुधवारी दुपारी त्यानं राजरत्नला फोन केला.

"गेम उघड. साचेवाल्याच्या खोलीत जा. पण गेल्यावर मला सांगू नकोस. नुसती वेळ लिहून ठेव. आत उभा राहा, कंदील त्याच्या तोंडावर धर आणि काही करू नकोस."

"का रे?"

"नंतर सांगतो."

दोन मिनिटं वेगळं काही झालं नाही. अप्पांनी एक फेरी मारली, बसले, उठले. मग त्यांनी हात डोळ्यांपुढे धरला आणि पुढे आलेच नाहीत. तसेच खिडकीशी उभे. हात खाली येईना. "लवकर मार काय ता," ते पुटपुटले. "उभ्यान् थकलंय."

"राज, बंद कर," पुष्कर फोनमध्ये म्हणाला.

अप्पांचा हात खाली आला.

वेळा जुळल्या. राजरत्न आत गेला त्यानंतर दोन मिनिटांनी अप्पांनी हात वर केला होता.

"मधली दोन मिनिटं काय?" राजरत्ननं विचारलं. त्याच्या आवाजातली चेष्टा गेली होती.

"तुझ्या आधी दुसरं कुणीतरी होतं," पुष्कर म्हणाला. "ते एका वेळी एकालाच भेटतात. बाकीचे रांगेत असतात."

"किती जण?"

ते कळायला मार्गच नव्हता. गेम कुणाचीही माहिती कुठं पाठवत नव्हता. पुष्करनंच तसं बजावलं होतं.

५

आठवड्याभरात अप्पांचे तळवे सोलले. सुनेत्रा त्यांना कपड्याच्या पट्ट्या बांधायची, जमिनीवर गोधड्या अंथरायची. घास तोंडाशी नेला की उजेड यायचा. खरी झोप त्यांना लागतच नव्हती. दोन फेऱ्यांच्या मधे जे काही डोळे मिटतील तेवढंच. चाळीत कुजबुज सुरू झाली. कमलाबाई दिवसातून चारदा डोकावून विचारायची, "आज जरा बरं आहे का हो?" आणि उत्तर न घेताच जायची.

पुष्करनं नवा भाग सोडला, साचेवाल्याऐवजी नुसता एक साचा ठेवून. जेमतेम तीसेक लोकांनी घेतला. बाकीच्यांनी विचारलं, म्हातारा कुठं गेला? तोच तर जीव आहे या गेमचा. कुणीतरी जुना भाग पुन्हा वर चढवला. कुणीतरी त्यातून गिरणी, फाटक, डबा, सगळं काढून फक्त साचेवाल्याची खोली ठेवली. उघडलं की तो समोर, हरला की लगेच पुन्हा समोर. शंभर वेळा न चुकता हरवून दाखवायची पैज लागली.

तेव्हा पुष्करनं खरं लिहिलं. नाव न सांगता, पण खरं. ज्याच्यावरून हा बॉस काढला तो माणूस आजारी आहे. तुम्ही खेळता तेव्हा त्याला त्रास होतो. हात जोडून विनंती, जुनी कॉपी पुसून टाका.

दोन दिवसांत जगभर बोभाटा झाला. शापित गेम. ज्यांनी 'कंदीलवाली'चं नावही ऐकलं नव्हतं ते शोधत आले. अप्पा आता खुर्चीपर्यंत परत जाऊ शकत नव्हते. दाराशी बसलेले असतानाच हात वर जायचा आणि कसलीशी ताकद त्यांना खिडकीशी नेऊन उभी करायची. हे 'नेणं' पुष्करला कधी नीट दिसलं नाही. दर वेळी नेमकी त्याची पापणी लवायची किंवा तो दुसरीकडे बघत असायचा, आणि अप्पा खिडकीशी असायचे.

गुरुवारी दुपारी त्याच्यानं बघवेना. त्यानं मागून अप्पांच्या कमरेला मिठी मारली आणि पाय रोवून उभा राहिला. सुकून काडी झालेलं ते अंग पुढे ओढ घेत होतं, एखाद्या पट्ट्यावर चढवल्यासारखं. पुष्करनं सोडलं नाही. ओढ कमी झाली. थांबली. अप्पांनी डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि ते उभ्याउभ्या झोपले. पाऊण तास. पुष्करचे हात बधिर झाले, तेव्हा कुठं मिठी सुटली.

संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला.

"तू काही नवीन चढवलंस का?"

"नाही."

"मग मी पाठवलेलं बघ."

ब्राझीलमधल्या कुणीतरी तक्रार टाकली होती. साचेवाला मधेच अडकतो, पाऊण तास हलला नाही, गेम बिघडलाय. सोबत पडद्याचा फोटो. गिरणीच्या करड्या भिंतीपुढे आकांक्षानं काढलेला साचेवाला उभा. आणि त्याच्या कमरेभोवती दोन हात, मनगटाशी एकमेकांत अडकवलेले.

"हे मी काढलेलं नाही," आकांक्षा म्हणाली. "माझ्याकडे एवढ्या बारीक छटाच नाहीत, पुष्कर. नीट बघ. डाव्या हातावर घड्याळ आहे."

पुष्करनं मनगट पाठीमागे लपवलं, जणू ती समोर बसली होती.

६

धरून ठेवलं की थांबतं, एवढं कळलं. मग दिवसा पुष्कर, शाळा सुटल्यावर सुनेत्रा. आपण काय धरतोय हे तिला त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नाही. "तू दूध तरी पी, मी धरते," एवढंच. माटुंग्याच्या क्लासमधलं शिकवणं सुटलं. राजरत्न यायचा, अर्धा तास धरायचा आणि जिन्यात जाऊन रडायचा. पण धरून ठेवल्यानं रांग कमी होत नव्हती. सोडलं की अप्पा दुप्पट वेगानं फेऱ्या घालायचे, राहिलेलं काम भरून काढल्यासारखे.

एका सकाळी दाराशी बसल्या बसल्या अप्पांनी त्याचा गाल चाचपला.

"कितके वेळा चालवतलास रे माका?"

पुष्करनं त्यांच्या तळव्याची सुटलेली पट्टी बांधायला घेतली.

"ह्येका शेवट नाय ठेवलंस?" अप्पांनी विचारलं. राग नव्हता आवाजात. एखाद्या नवशिक्याचं कापड तपासताना विचारावं तसं विचारलं. "मी बसतंय, म्हणान परत उठवतत. निजलेल्याक कोण उठवता?"

मग ते स्वतःच हाताच्या आधारानं कलले आणि गोधडीवर आडवे झाले. पाय सरळ केले, हात पोटावर घेतले. "घे तुझ्या त्या फोनात. बेगीन घे. परत येतली ती."

पुष्करनं ते घेतलं. घेताना त्यानं स्वतःला सांगितलं, ही झोप आहे. फक्त झोप.

आकांक्षाला त्यानं तसंच सांगितलं. ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "डोळे उघडे ठेवू की मिटलेले?"

"मिटलेले. आणि अंगावर शाल घाल. झोपलेला वाटला पाहिजे."

"वाटेल का?"

"तू काढलंस तर वाटेल."

तिनं चार दिवस घेतले. अंगावर शाल ओढून साचेवाला निजतो, कंदीलवाली वात बारीक करते आणि पावलं न वाजवता निघून जाते. राजरत्ननं ते असं बसवलं की एकदा हा शेवट पाहिला की त्या मशीनवर साचेवाल्याची खोली पुन्हा उघडतच नाही.

"पण जुनी कॉपी ज्यांच्याकडे आहे ते हे घेतीलच असं नाही," तो म्हणाला. "जबरदस्ती करता येत नाही आपल्याला."

"घेतील. पुसा म्हटलं तर ऐकत नाहीत. शेवट म्हटलं की धावत येतील."

'साचेवाल्याचा खरा शेवट' असं नाव देऊन त्यांनी तो शनिवारी दुपारी सोडला. आणि लोक खरोखरच धावत आले.

७

रविवारी अप्पा सलग सहा तास झोपले.

सुनेत्रा दर दहा मिनिटांनी त्यांच्या नाकाशी बोट धरून बघायची आणि परत भाजीकडे वळायची. दुपारी उठून त्यांनी पेज मागितली, सोबत लोणच्याची फोड. चार फेऱ्या झाल्या, पण त्यांच्यात तासतासाचं अंतर होतं. सोमवारी दोनच. जगभरातून लोक लिहीत होते, आम्ही रडलो, इतका शांत शेवट कुठल्याच गेमला नाही. पुष्करनं ते सगळं वाचलं. आपण बनवलेलं काहीतरी लोकांच्या उपयोगी पडलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं आणि त्याच क्षणी त्याची लाजही वाटली.

मंगळवारी अप्पांनी त्याच्याकडून दाढी करून घेतली.

"आता उजेड येत नाही ना?" त्यानं विचारलं.

"येता. पण लांबसून."

बुधवारी सकाळी साडेदहाला ते जेवणाआधी जरा पडतो म्हणाले. सुनेत्रा शाळेत निघायच्या घाईत होती. तिनं त्यांच्या अंगावर शाल घातली. नेहमीची चादर धुवायला टाकली होती, म्हणून शाल.

पुष्करनं वळून बघितलं. हात पोटावर, पाय सरळ, डोळे मिटलेले. आकांक्षानं अगदी हुबेहूब काढलं होतं. तो त्यांच्याकडे किती वेळ बघत राहिला, ते त्याला सांगता आलं नसतं. नाकाशी बोट धरायचं धाडस शेवटी सुनेत्रानंच केलं.

८

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, घड्याळ पाहून मृत्यूचा कागद लिहिला. अप्पांची मुलगी शांताआत्या डोंबिवलीहून निघाली होती. तिच्यासाठी दोन तास थांबायचं ठरलं. बायकांनी खोली रिकामी केली, पलंग उभा केला, अप्पांना जमिनीवर घेतलं, डोक्याशी समई लावली. चाळीतली माणसं आत येत होती, हात जोडून गॅलरीत सरकत होती.

पुष्कर भिंतीशी बसला होता. त्याला रडू येत नव्हतं. सुटले, एवढंच मनात होतं. कुणाच्या का हातून होईना, सुटले.

राजरत्न आणि आकांक्षा आले तेव्हा बारा वाजत आले होते. आकांक्षा सुनेत्रापाशी गेली. राजरत्न येऊन शेजारी टेकला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ती नुसती खोलीवाली कॉपी. पैजवाली. तिच्यात आपला शेवट बसत नाही. मी काल करून पाहिलं."

"बरं."

"ते लोक अजून खेळतायत, पुष्कर."

पुष्करनं त्याच्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे. समईची ज्योत सरळ होती. खोलीत उदबत्तीचा धूर साचला होता आणि त्यातून अप्पांचा चेहरा स्वच्छ, दाढी केलेला. काही नव्हतं. माणूस गेला होता, कागद झाला होता. गेलेल्या माणसाला कुणी काय करणार?

अप्पांच्या मिटलेल्या पापण्या आवळल्या. ऊन तोंडावर आल्यावर आवळतात तशा.

खोलीत तेव्हा सात-आठ माणसं होती. सगळी आपापसांत बोलत होती, स्मशानात कुणी पुढे जायचं, खांदा कोण देणार, मुलाला जहाजावर कळवलं का. पुष्कर गुडघ्यांवर सरपटत पुढे गेला आणि त्यानं अप्पांचे दोन्ही घोटे धरले. थंड होते. आणि त्या थंडपणाच्या आतून ती ओळखीची ओढ लागली होती, बारीक, चिकाटीची.

त्यानं अंगाचा भार टाकला. कपाळ अप्पांच्या पायांवर टेकलं.

"रडू द्या त्याला," मागून कमलाबाई म्हणाली. "केव्हाचा कोरडा बसला होता पोर."

शालीखाली उजवा गुडघा बोटभर वर आला. पुष्करनं तो छातीनं दाबला. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी येऊन बसलं आणि गुडघ्यावर हात ठेवला. राजरत्न होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

शांताआत्या आली, रडली, शांत झाली. खाली सामान आलं. चार माणसं बाह्या सरसावत दारात उभी राहिली.

"चल बाळा, सोड आता," त्यातला एक जण म्हणाला. "उचलायचंय."

"थोडं थांबा," पुष्कर म्हणाला.

ते थांबले. अशा वेळी कुणी घाई करत नाही. सुनेत्रा त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. पुष्कर दोन्ही हातांनी घट्ट धरून होता आणि मनातल्या मनात मोजत होता की ही एक फेरी असेल तर इतक्यात संपायला हवी. ती संपली. ओढ सैल पडली. त्यानं श्वास घेतला, हातांची पकड जराशी ढिली केली आणि वर पाहिलं.

"हं, घ्या आता," सुनेत्रा माणसांना म्हणाली.

माणसं वाकली. पुष्करच्या हातांखाली ओढ पुन्हा लागली.

"थांबा," पुष्कर म्हणाला. "अजून थोडं."